तेलावाचून न उगवणारी बुरशी

मार्च उजाडला की आमच्या घराला चटणीचे वेध लागतात. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची गच्चीवर वाळत पडते, धणे, तीळ, खोबरं भाजून होतं, लवंग, दालचिनी, मिरी, जायपत्री, दगडफूल तेलावर परतून निघतं आणि मग सगळं डंकावर कांडून येतं. २००३ साली, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना, मी आईच्या या पसाऱ्यातून ५० ग्रॅम लवंग, तेवढीच दालचिनी आणि ओंजळभर मेथी उचलली. "मोजून आणलंय गं, कमी पडंल," असं आई म्हणाली खरी, पण कागदाच्या पुड्या तिनंच बांधून दिल्या. ओवा तिच्या डब्यातला घेतला.

माझ्या प्रोजेक्टचा विषय होता मसाल्यांच्या अर्कांचा कोंड्याच्या बुरशीवर होणारा परिणाम. आता मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादा गट हाच विषय घेऊन माझ्यापुढे उभा राहतो. विषय चांगलाच आहे. साहित्य घरातलं, खर्च कमी, आणि कोंडा तर वर्गातल्या निम्म्या मुलांच्या खांद्यावर असतो. मुलं विषय सांगतात तेव्हा मी आधी कपाटातून माझा काळ्या बाइंडिंगचा जुना प्रबंध काढते आणि त्यातली एक चूक त्यांना दाखवते. ती इथं सविस्तर लिहायची आहे, कारण त्या चुकीमुळे एका माणसाला त्रास झाला आणि तीच चूक अजूनही पुष्कळ प्रोजेक्टांत जशीच्या तशी होताना मला दिसते.

आधी अर्क कसा काढला ते सांगते. तो भाग मी मनापासून केला होता.

लवंग सावलीत वाळवून मिक्सरमधून जाडसर काढली. फार बारीक केली तर पूड थिंबलमध्ये घट्ट बसते आणि द्रावक खाली उतरत नाही. २० ग्रॅम पूड थिंबलमध्ये, म्हणजे जाड कागदाच्या नळकांडीत, २०० मिली मिथेनॉल खालच्या फ्लास्कमध्ये, वर कंडेन्सर आणि कंडेन्सरला नळाचं पाणी. हे सॉक्सलेटचं उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजण्यासाठी बनवलं होतं. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, वाफ वर जाते, गार होऊन थेंब थेंब पुडीवर पडते. पूड भिजते, नळी हळूहळू भरत जाते, आणि भरली की सगळा द्रव एकदम गुळगुळ आवाज करत खाली फ्लास्कमध्ये ओढला जातो. तो आवाज ऐकत मी दिवसभर बसले. पहिले दोन-तीन फेरे गडद तपकिरी, मग चहासारखे, मग फिकट. नळीतला द्रव जवळजवळ पाण्यासारखा दिसायला लागला तेव्हा गॅस बंद केला. मिथेनॉल उडवल्यावर डिशमध्ये जे उरलं ते काकवीसारखं चिकट, काळपट, आणि असं तिखट वासाचं की दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारच्या बाईंनी मला "दात दुखतोय का गं?" असं विचारलं.

दालचिनीचा अर्क लालसर. बाजारात आपल्याकडे मिळते ती बहुतेक जाड सालीची, म्हणजे खरं तर कॅशिया. मेथीचा अर्क मात्र बुळबुळीत, गाळताना फिल्टर पेपर तुंबवणारा.

आता चूक. मी चार मैत्रिणींच्या डोक्यातला कोंडा निर्जंतुक स्वॅबनं घेतला, साबुरो अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर ओढला आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली तर भरघोस ग्रोथ. मलईच्या रंगाच्या, चकचकीत, फुगीर कॉलनी. मला केवढा आनंद झाला होता! एक कॉलनी उचलून शुद्ध केली, वहीत "कोंड्याची बुरशी" असं नाव लिहिलं आणि पुढचं सगळं काम तिच्यावर केलं. कॉर्क बोअररनं अगारमध्ये विहिरी पाडल्या, प्रत्येक विहिरीत ५० मायक्रोलिटर अर्क सोडला. लवंगेभोवती रुपयाच्या नाण्याहून मोठा स्वच्छ गोल झोन आला, म्हणजे तेवढ्या जागेत काही उगवलं नाही. दालचिनीचाही जवळपास तेवढाच, ओव्याचा थोडा लहान. मेथीभोवती काहीच नाही, विहिरीच्या कडेपर्यंत दाट ग्रोथ. निष्कर्षात मी लिहिलं की लवंगेचा अर्क कोंड्यावर प्रभावी आहे. तोंडी परीक्षेत कोणी हरकत घेतली नाही.

घरी अर्थातच सगळ्यांना सांगितलं. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजपासून कोंड्याचा त्रास. त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुझी ती लवंग लावू का?" मी हो म्हणाले. मेडिकलमधून दाढदुखीसाठी मिळणारी लवंग तेलाची छोटी बाटली आणून त्यानं ती तशीच, काही न मिसळता, डोक्यावर चोळली. अर्ध्या तासात टाळू लाल झाली, रात्रभर आग आग, आणि दोन दिवसांनी कपाळाच्या वरच्या कडेची कातडी सोलून निघाली. हळदीच्या दिवशी त्याच्या कपाळावर हळदसुद्धा जपून लावावी लागली. तो मला एका शब्दानं बोलला नाही. आईनं मात्र विचारलं, "प्लेटवर चाललं ना, मग डोक्यावर का नाही?" तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

उत्तराचा पहिला अर्धा भाग २००९ मध्ये सापडला. तिसऱ्या वर्षाला बुरशीचे आजार शिकवायला घेतले होते. व्याख्यानाची तयारी करताना मॅलसेझियाच्या, म्हणजे कोंड्याच्या खऱ्या बुरशीच्या, प्रकरणात एक साधी ओळ वाचली: ही बुरशी वाढवायची तर माध्यमावर तेलाचा थर द्यावा लागतो. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग उठून कपाटातला प्रबंध काढला आणि माझ्या माध्यमाचं पान उघडलं. पेप्टोन, डेक्स्ट्रोज, अगार. तेल नाही. प्रतिजैविकही नाही. ३७ अंश, २४ तास.

मी जिच्यावर सगळं काम केलं ती कोंड्याची बुरशी नव्हतीच.

काय होतं मग ते? वहीतली ग्रॅम स्टेननं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या पेशींची चित्रं पाहिली तर एका प्लेटवर जांभळे अंडाकृती फुटवे आलेले यीस्ट होते, बहुधा कॅन्डिडा, आणि दुसऱ्या प्लेटवर घोसांत बसलेले गोल जीवाणू, स्टॅफिलोकोकसचे. दोघंही डोक्यावर सापडतात, पण कोंड्याचे खरे मालक ते नव्हेत. चोवीस तासांत उगवणाऱ्या कॉलनीनंच मला शंका यायला हवी होती. मॅलसेझियाला तीन दिवसांपासून आठवडाभर लागतो, आणि तिला ३२ ते ३४ अंश मानवतात.

आता ही मॅलसेझिया नीट ओळखून घेऊ. १८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं कोंड्याच्या पापुद्र्यांत हे यीस्ट पाहिलं, त्याच्यावरून पुढे नाव पडलं. ते प्रयोगशाळेत वाढवणं अवघड होतं म्हणून कितीतरी वर्षं गोंधळ चालला. माझ्या गुरुजींच्या पिढीनं तिला पिटिरोस्पोरम या नावानं शिकलेलं. १९९६ मध्ये तिच्या सात प्रजाती नीट वेगळ्या मांडल्या गेल्या आणि नंतर त्यांत भर पडत गेली. माणसाच्या टाळूवर मुख्यतः दोघी राहतात, रेस्ट्रिक्टा आणि ग्लोबोसा. छातीवर-पाठीवर पांढुरके डाग पडतात, ज्याला आपण शिबे म्हणतो, तेही याच कुळाचं काम. २००७ मध्ये ग्लोबोसाचा जनुकसंच जाहीर झाला. सुमारे ४,३०० जनुकं, म्हणजे बुरशींच्या मानानं फार लहान संसार, आणि त्यात स्निग्धाम्लं तयार करण्याचं जनुकच नाही. तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही. ती आपल्या टाळूवरच्या तेलावर जगते, आणि ते नसेल तर उपाशी मरते.

माझं पुढचं सगळं समजणं या एका गोष्टीभोवती फिरत राहिलं आहे. तेल.

टाळूवरच्या ग्रंथींतून येणाऱ्या तेलात ट्रायग्लिसराइड असतात. मॅलसेझिया लायपेज नावाचं विकर बाहेर सोडते आणि ती तोडते. मोकळी झालेली संपृक्त स्निग्धाम्लं खाते, असंपृक्त टाकून देते. टाकून दिलेल्यांत ओलेइक आम्ल असतं, ते कातडीच्या वरच्या थरात शिरतं, आणि ज्यांची कातडी त्याला सोसत नाही त्यांच्या पेशी घाईनं वर सरकायला लागतात. एरवी कातडीची पेशी खालून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. इथं ती अर्धवट पिकलेली, एकमेकींना चिकटलेली, पापुद्र्यानं सुटते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या टाळूला नुसतं ओलेइक आम्ल लावून पाहिलं. कोंडा होण्याची प्रवृत्ती असलेल्यांना पापुद्रे सुटले, इतरांना नाही. बुरशी मात्र दोघांच्याही डोक्यावर असते, तुमच्या आणि माझ्याही. म्हणून कोंडा हा कोणाकडून लागलेला रोग नाही, आणि कोंडा होतो तो माणूस अस्वच्छ असतो असंही नाही. वयात येताना तेलग्रंथी जाग्या होतात, म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलांत कोंडा सहसा दिसत नाही आणि तेरा-चौदाव्या वर्षी अचानक येतो. माझ्या मुलीचं नेमकं तेच झालं.

आणि आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला समोर बसवून मेथी घातलेलं कढवलेलं तेल डोक्यावर थापायला घेतलं. "डोकं कोरडं पडलंय, म्हणून कोंडा झालाय." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, तुम्हीही ऐकलं असेल. पापुद्रे कोरडे दिसतात, तेल लावलं की ते केसांना चिकटून बसतात आणि दोन दिवस दिसेनासे होतात, त्यामुळे उपाय झाला असं वाटतं. पण जिला तेलावाचून जगता येत नाही तिला आपण वाटीभर तेल वाढतो आहोत. ऑलिव्हचं तेल तर मुख्यतः ओलेइक आम्लाचंच बनलेलं. नारळाच्या तेलात निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण उरलेल्या तेलात तिच्या खाण्याजोगं पुष्कळ असतं. मी आईला तेल सोडायला सांगितलं नाही. शनिवार-रविवारी नातीच्या डोक्यावरून फिरणारा तिचा हात मला मोडायचा नव्हता. एवढंच ठरलं की कोंडा आहे तोवर तेल केसांच्या लांबीला लावायचं, टाळूला नाही, आणि रात्रभर ठेवायचं नाही.

गेल्या वर्षी चार विद्यार्थ्यांचा गट तोच विषय घेऊन आला तेव्हा ठरवलं, की या वेळी पहिल्यापासून नीट करायचं. माझ्याच चुकीची दुरुस्ती होती ती, त्यामुळे मी त्यांच्याइतकीच अधीर होते.

सुरुवात कल्चरनं, म्हणजे प्लेटवर बुरशी वाढवून, केलीच नाही. आधी कोंड्याचा पापुद्रा बोथट पात्यानं काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पार्करची निळी-काळी शाई मिसळून थेंब सोडला. होय, पेनातली शाई. कातडीचे तुकडे विरघळत पारदर्शक होतात आणि या यीस्टची भिंत शाई पकडते. एका मुलीनं सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, बुडकुल्याच्या तोंडातून दुसरं बुडकुलं निघालंय." मी पाहिलं. पापुद्र्याच्या घडीत निळ्या पेशींचे झुबके, काही अगदी गोल, आणि कित्येकांना रुंद मानेवर एकाच बाजूनं फुटवा आलेला. वीस वर्षं या बुरशीवर बोलत होते, पण माणसाच्या डोक्यावरून थेट आलेली अशी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पाचही वर्गांतल्या मुलांना बोलावून दाखवली.

मग माध्यम. साबुरोमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घातलं, म्हणजे जीवाणू आटोक्यात राहतात, आणि सायक्लोहेक्झिमाइड, म्हणजे हवेतल्या इतर बुरशा. वर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर. तेल ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नसतं, हॉट एअर ओव्हनमध्ये १६० अंशांना दोन तास ठेवायचं. मुलांनी पहिल्या बॅचला थर जाड दिला आणि प्लेट उलटी केल्यावर तेल झाकणात उतरलं. दुसऱ्या बॅचला पिपेटनं मोजके थेंब टाकून काचेच्या दांडीनं पसरलं. तेलाशिवायच्या दोन प्लेटही मुद्दाम ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तेलाच्या प्लेटवर काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलांचे चेहरे उतरले, मी मात्र निर्धास्त होते. पाचव्या दिवशी तेलाखाली बारीक, निस्तेज, किंचित सुरकुतलेल्या पिवळसर कॉलनी दिसल्या. लूपनं उचलताना त्या मऊ लोण्यासारख्या निघाल्या नाहीत, खाकऱ्यासारख्या तुटल्या. त्यातली एक घेऊन तेल नसलेल्या प्लेटवर ओढली, तिथं आठवडाभर काहीही उगवलं नाही. ही चाचणी मी २००३ मध्ये एकदा केली असती तर भावाचं कपाळ वाचलं असतं.

शुद्ध वाण हवा म्हणून चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून मॅलसेझिया फरफर या प्रजातीचा वाणही मागवला. आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्टांत फरफरच वापरली जाते कारण ती लवकर आणि भरपूर उगवते. पण टाळूवर मुख्यत्वे राहणाऱ्या त्या दोघी वेगळ्या, आणि रेस्ट्रिक्टा तर फार सावकाश, नखरे करत वाढते. म्हणून मुलांना सांगितलं की प्रबंधाच्या शीर्षकात "कोंड्याची बुरशी" असं मोघम लिहू नका, प्रजातीचं नाव लिहा.

लवंगेचा झोन आला. माझ्या जुन्या झोनपेक्षा बराच लहान, पण कडेनं स्पष्ट. दालचिनीचाही आला. लवंगेत वजनाच्या १५ ते २० टक्के सुगंधी तेल असतं आणि त्यातला मोठा वाटा युजेनॉलचा. ओव्यात थायमॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड. युजेनॉल आणि थायमॉल दोन्ही फिनॉल जातीचे रेणू, ते पेशीच्या तेलकट पडद्यात शिरतात आणि पडदा गळका करतात. कोंड्यावरच्या शाम्पूत असतं त्या केटोकोनॅझोल या औषधाचं काम निराळं, ते बुरशीला तिच्या पडद्यासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल बनवूच देत नाही. मसाल्यांत बुरशीला मारण्याची ताकद आहे, यात मला शंका नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती दिसली आहे. प्रश्न पुढचे आहेत.

एका मुलानं तक्त्यात लिहिलं की लवंगेचा झोन केटोकोनॅझोलच्या डिस्कभोवतीच्या, म्हणजे औषध मुरवलेल्या कागदी चकतीभोवतीच्या, झोनइतका आहे, म्हणजे दोघांची ताकद सारखी. मी त्याला फळ्यावर हिशोब मांडायला लावला. अर्क मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमचा, विहिरीत ५० मायक्रोलिटर, म्हणजे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. डिस्कमध्ये औषध १० मायक्रोग्रॅम. पाचशेपट माल ओतून गोल सारखा आला. मुलगा खडू हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग त्यानं ते वाक्य स्वतःच पुसलं. अर्थात कच्च्या अर्कात खरं काम करणारा भाग थोडाच असतो, म्हणून ही तुलना लवंगेवरही अन्याय करते. झोनच्या आकारावरून दोन निराळ्या पदार्थांची ताकद ठरवताच येत नाही, कारण अगार हे मुख्यतः पाणी आहे आणि त्यातून कोण किती पसरतं यावर गोल ठरतो. हळदीचा कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, त्याचं पिवळं कडं विहिरीपाशी बसून राहतं. म्हणून हळद निरुपयोगी ठरत नाही, ती तिथून हलली नाही इतकंच कळतं.

इथंही तेल आडवं येतंच. लवंग तेल पाण्यात मिसळावं म्हणून मुलं ट्वीन ८० घालतात. ट्वीन ८० हे ओलेइक आम्लापासूनच बनलेलं, आणि मॅलसेझिया ते मजेत खाते. मारायला निघालेल्या औषधाबरोबर आपण तिला जेवणही पाठवतो. शिवाय माध्यमावरचा तेलाचा थर युजेनॉलला स्वतःत ओढून घेतो, बुरशीपर्यंत पोचणारा भाग कमी होतो. माझ्या २००३ च्या बिनतेलाच्या प्लेटवर झोन एवढा मोठा का आला आणि गेल्या वर्षी लहान का, त्याचं एक कारण हे असणार. टाळूवरही तेल आहेच, म्हणजे गेल्या वर्षीची प्लेट डोक्याच्या जास्त जवळची.

ओव्यानं आणखी एक गंमत दाखवली. एकाच प्लेटवर चार विहिरी पाडल्या होत्या, त्यातल्या मेथीच्या बाजूलाही ग्रोथ विरळ दिसत होती. मुलं म्हणाली, मेथी काम करते. मी विचारलं, शेजारी कोण आहे? ओवा. झाकणाखाली त्याची वाफ कोंडून राहते आणि सगळ्या प्लेटवर फिरते. मेथी वेगळ्या प्लेटवर घेतली तर तिच्याभोवती पूर्वीसारखंच काही नाही. आपल्याकडे पंसाऱ्याकडे मिळणारं ओव्याचं फूल म्हणजे थायमॉलचे खडेच. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की कोरडे खडे आपोआप पाघळून पाणी होतं, तीच घरोघरची अमृतधारा. हा असा पदार्थ झाकण उघडताच उडायला लागतो, डोक्यावर तो किती वेळ टिकणार?

वेळ हा प्लेट आणि डोक्यातला सर्वांत मोठा फरक. प्लेटवर अर्क पाच-सात दिवस बुरशीच्या उरावर बसून असतो. डोक्यावर शाम्पू तीन ते पाच मिनिटं राहतो. तेवढ्या वेळात परिणाम व्हावा म्हणून अर्काचा जोर वाढवावा, तर कातडी आड येते. सिनामाल्डिहाइड प्रथिनांना जाऊन चिकटतं, बुरशीच्या तसंच आपल्याही. दालचिनी तेल आणि युजेनॉल दोन्ही त्वचेची ॲलर्जी आणणाऱ्या सुगंधी द्रव्यांत मोडतात. माझ्या भावाच्या टाळूवर हेच झालं, आणि आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला तेव्हा नाही, आत्ता दिलं.

मग झाडांपासून काही होतच नाही का? होतं, पण ते माणसांवर तपासावं लागतं. ऑस्ट्रेलियात टी ट्री तेलाचा ५ टक्क्यांचा शाम्पू १२६ कोंडाग्रस्तांवर तपासला, निकाल २००२ मध्ये आला. काहींना खरा शाम्पू, काहींना तेल नसलेला, रोज वापर, चार आठवडे. खऱ्या शाम्पूवाल्यांचा कोंडा सरासरी ४१ टक्के घटला, दुसऱ्यांचा ११ टक्के. नुसतं रोज डोकं धुतल्यानंच ११ टक्के फरक पडला, हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. लवंग, ओवा, दालचिनी यांची पायरी अजून प्लेटवरची आहे. तिथून माणसाच्या डोक्यापर्यंत किती मात्रा, कशात मिसळून, किती वेळ, कोणाला सोसते, हा सगळा रस्ता चालायचा बाकी आहे, आणि तो आपल्याच विद्यापीठांतल्या मुलांनी चालावा असं मला मनापासून वाटतं. मसाला आपला, त्याची नीट पारखही आपणच करावी.

तोवर कोणी मला विचारलं तर मी २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे, असं सांगते. त्यानं फरक पडला नाही, किंवा कानामागे, भुवयांत, नाकाच्या कडेला लाली आणि जाड खवले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवते, कारण सोरायसिसही सुरुवातीला कोंड्यासारखा दिसू शकतो. मुलीचा कोंडा याच मार्गानं आटोक्यात आला. थंडीत पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा पुन्हा दोन आठवडे.

यंदाच्या गटाला मी विहिरींची पद्धत सोडायला लावली आहे. आता परीक्षानळ्यांत अर्काची पातळी दर वेळी निम्मी करत जायचं आणि कुठल्या नळीपर्यंत वाढ थांबते ते पाहायचं. द्रावकात ट्वीन नाही, थोडं डीएमएसओ हे दुसरं द्रावक, आणि नुसत्या डीएमएसओची नळी वेगळी. माध्यमात तेल किती असावं यावर मुलांचं अजून एकमत होत नाही, म्हणून तीन वेगवेगळी प्रमाणं लावली आहेत. नळ्या बत्तीस अंशांना ठेवल्यात, रीडिंग गुरुवारी.

लवंग मात्र संपत आली. परवा आईकडे गेले तर चटणीचं सामान पाटावर मांडलेलं होतं. बाजूला एक पुडी वेगळी ठेवलेली, दोऱ्यानं बांधलेली, आणि तिच्यावर आईनं पेन्सिलनं लिहिलं होतं, "लॅबची. चटणीत घालू नये."